गुणफलकाला न दिसणारे खेळाडू

30 मार्च 2019. लुईव्हिलमध्ये एनसीएए पुरुष बास्केटबॉल स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना. व्हर्जिनिया विद्यापीठ पर्ड्यूविरुद्ध दोन गुणांनी मागे आणि घड्याळात सहा सेकंदही उरलेली नाहीत. टाय जेरोमचा दुसरा फ्री थ्रो चुकला. मामादी डियाकिटेने उडी घेऊन चेंडू मागे टोलवला, तो थेट आपल्याच अर्ध्यात गेला. पाच फूट नऊ इंच उंचीचा, पहिल्या वर्षात शिकणारा कीहे क्लार्क त्यामागे धावला. चेंडू हाती येताच त्याने दूर उभ्या असलेल्या डियाकिटेला सुमारे 40 फुटांचा अचूक पास दिला. डियाकिटेने शॉट मारला आणि 70-70 अशी बरोबरी झाली. अतिरिक्त वेळेत व्हर्जिनियाने सामना 80-75 असा जिंकला आणि नऊ दिवसांनी विजेतेपदही मिळवले.

16 मार्च 2023. याच स्पर्धेची पहिली फेरी, ऑर्लँडोमध्ये. क्लार्क आता पाचव्या वर्षात. व्हर्जिनिया फर्मनविरुद्ध दोन गुणांनी पुढे. कोपऱ्यात दोघांनी घेरल्यावर क्लार्कने चेंडू मधल्या रेषेकडे उंच भिरकावला. तो फर्मनच्या हाती पडला आणि पुढच्याच क्षणी तीन गुणांची बास्केट झाली. व्हर्जिनिया 67-68 अशी हरली. विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट देणाऱ्या खेळाडूचा शेवटचा सामना असा संपला.

एका खेळाडूचे हे दोन पास. आपल्या विद्यापीठावर जीव टाकणाऱ्या चाहत्याला त्यांतला पहिला आयुष्यभर आठवतो आणि दुसरा विसरता येत नाही. या मासिकाचे वाचक मात्र प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, निवड समितीचे सदस्य आणि पंच आहेत. क्लार्क कसा खेळाडू होता, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी या दोन पासांवरून देता कामा नये. ते कशावरून द्यावे, याचा विचार करायला व्हर्जिनियाचा 2018-19चा संघ फार उपयोगी आहे. म्हणून नवा हंगाम सुरू होताना त्याची उजळणी करतो आहोत.

चाहत्याला कमी लेखायचे कारण नाही. तो घरचा प्रत्येक सामना पाहतो, बाहेरचा चुकवत नाही. खेळाडू पहिल्या वर्षी कसा होता आणि तिसऱ्या वर्षी कसा झाला, हे त्याला पाठ असते. एका दिवसाच्या चाचणीवर संघ निवडणाऱ्या आपल्यापैकी अनेकांकडे इतकी माहिती नसते. ही चिकाटी त्याच्याकडून जरूर घ्यावी. त्याची नजर मात्र चेंडूमागे फिरते, आणि त्याचा निकाल बहुधा शेवटच्या मिनिटावर ठरतो. प्रशिक्षकानेही तसेच पाहिले, तर मैदानावरच्या दहापैकी नऊ जणांचा खेळ त्याच्या नजरेतून सुटतो.

आता त्या संघाकडे वळू. प्रशिक्षक टोनी बेनेट यांचा संघ देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी होता. एका सामन्यात चेंडूचे ताबे साठच्या आसपास. ताबेच कमी म्हटल्यावर प्रत्येकाच्या खात्यावरचे गुणही कमीच दिसणार. काइल गाय आणि डीआंद्रे हंटर यांची सरासरी पंधराच्या थोडी वर आणि जेरोमची तेराच्या वर होती. वेगवान संघात याच तिघांचे आकडे याहून मोठे दिसले असते. आपल्याकडे निवड समितीसमोर खेळाडूच्या नावापुढे नुसती गुणांची सरासरी ठेवली जाते. तो किती मिनिटे खेळला आणि त्याचा संघ कोणत्या वेगाने खेळतो, हे त्या कागदावर नसते. अशा वेळी संथ, शिस्तबद्ध संघातल्या चांगल्या मुलावर अन्याय होतो, आणि तो करणाऱ्याला कळतही नाही.

बचावाचे मूल्यमापन याहून अवघड. व्हर्जिनियाचा 'पॅक लाइन' बचाव टोनी यांचे वडील डिक बेनेट यांनी घडवलेला. मूळ पद्धत मॅन टू मॅनच. चेंडू असलेल्या खेळाडूवर एकाने दबाव ठेवायचा आणि उरलेल्या चौघांनी बास्केटपासून सुमारे 16 फुटांवरच्या काल्पनिक रेषेच्या आत राहायचे. ड्राइव्ह करणाऱ्याला वाट द्यायची नाही, आणि चेंडू बाहेर गेला की हात उंचावून झपाट्याने शूटरवर जायचे. या बचावाची किंमतही ठरलेली आहे. प्रतिस्पर्धी चेंडू भराभर फिरवू शकला आणि त्याचे लांबचे शॉट लागले, तर तीन गुणांच्या बास्केट सोसाव्या लागतात. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने त्या सामन्यात 42 गुण केले, त्यांत तीन गुणांच्या दहा बास्केट होत्या. त्या पाहून त्याच्यावरचा बचावपटू कच्चा होता असे म्हणायला चाहता मोकळा आहे. प्रशिक्षकाने मात्र आधी विचारले पाहिजे की हा शॉट पद्धतीने सोडलेला होता की खेळाडूच्या चुकीने मिळालेला. पद्धतीने सोडलेल्या शॉटचे खापर खेळाडूवर फोडले, तर पुढच्या वेळी तो रेषेबाहेर जाऊन उभा राहील आणि सगळा बचाव विस्कटेल.

उलट बाजूने हंटर पाहा. 8 एप्रिल 2019 रोजी मिनियापोलिसमध्ये टेक्सास टेकविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात त्याने 27 गुण केले, त्यांतले 22 उत्तरार्धात आणि अतिरिक्त वेळेत. चाहत्यांच्या चर्चेत हेच आकडे राहिले. आमच्या मते त्याच्या खेळाचे मोल दुसऱ्या एका आकड्यात तेवढेच आहे. टेक्सास टेकचा सर्वोत्तम खेळाडू जॅरेट कल्व्हर त्या सामन्यात 22 प्रयत्नांत पाचच बास्केट करू शकला, आणि त्याला रोखायचे काम प्रामुख्याने हंटरकडे होते. हा आकडा हंटरच्या ओळीत कुठेच नाही. तो कल्व्हरच्या ओळीत आहे. बचावपटूचा हिशेब प्रतिस्पर्ध्याच्या कागदावर शोधावा लागतो, ही सवय आपल्या प्रशिक्षण शिबिरांत लावली जात नाही.

गाय आणि जॅक सॉल्ट ही जोडी अधिक बोलकी आहे. गाय सतत धावत राहणारा शूटर. न्यूझीलंडहून आलेला सेंटर सॉल्ट सरासरी चार गुणही करत नव्हता. पण व्हर्जिनियाच्या आक्रमणाची आखणीच अशी होती की तिघे फिरते आणि दोघे स्क्रीन लावणारे. गायला मोकळा शॉट मिळायचा तो सॉल्टच्या भक्कम स्क्रीनमुळे, आणि तो शॉट लागला की नाव गायचे. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू चढाईपटूचा घोटा धरतो आणि पकड त्याच्या नावावर लागते; पण धावून आलेल्या कव्हरने धडक दिली नसती, तर चढाईपटू रेषेला हात लावून निसटलाच असता. सॉल्टचे काम त्या कव्हरचे होते. स्पर्धा पुढे सरकली तशी त्याची मिनिटे घटली आणि अधिक चपळ डियाकिटेची वाढली. यात सॉल्टचे अवमूल्यन नव्हते. समोरचे संघ बदलले तसे कामाचे स्वरूप बदलले, आणि बेनेट यांनी त्या कामाला योग्य माणूस नेमला. चांगला आणि वाईट अशा दोनच रकान्यांत खेळाडू बसवणाऱ्याला हा निर्णय कळणार नाही.

राखीव खेळाडू ब्रॅक्स्टन कीचे उदाहरण तर प्रत्येक शिबिरात सांगावे असे आहे. अंतिम सामन्याच्या नियमित वेळेचे शेवटचे क्षण, बरोबरी, कोपऱ्यातून कल्व्हरचा तीन गुणांचा प्रयत्न. कीने तो ब्लॉक केला. अतिरिक्त वेळ मिळाली ती त्यामुळे. तिच्यात व्हर्जिनियाने 12 पैकी 12 फ्री थ्रो साधले आणि सामना 85-77 असा जिंकला. स्कोअरशीटवर या ब्लॉकसाठी 'एक' एवढाच अंक आहे. सामन्याच्या पाचव्या मिनिटाला केलेल्या ब्लॉकसाठीही तोच.

आता निकालाविषयी. 16 मार्च 2018 रोजी, म्हणजे विजेतेपदाच्या आदल्या वर्षी, हाच व्हर्जिनिया स्पर्धेत सर्वोच्च मानांकन घेऊन उतरला होता. शार्लटमध्ये यूएमबीसी या सोळाव्या मानांकित संघाने त्यांना 74-54 असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर पहिल्या मानांकित संघांनी सोळाव्या मानांकितांविरुद्धचे सगळे, म्हणजे 135 सामने जिंकले होते. मध्यंतराला 21-21 बरोबरी होती. उत्तरार्धात बचाव कोसळला. यूएमबीसीने तीन गुणांच्या 24 प्रयत्नांपैकी 12 साधले. मनगटाच्या दुखापतीमुळे हंटर खेळूच शकला नव्हता. तरीही बेनेट यांची पद्धत मोठ्या स्पर्धेत चालत नाही, गाय आणि जेरोम दबावाखाली मोडतात, असे निकाल तेव्हा सर्रास दिले गेले.

वर्षभराने त्याच पद्धतीने, त्याच गाय-जेरोमच्या जोडीने विजेतेपद आणले. मग पहिला निकाल चूक आणि दुसरा बरोबर म्हणायचे का? तेही घाईचेच. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध 0.6 सेकंद शिल्लक असताना गायवर फाउल झाला. त्याने तिन्ही फ्री थ्रो साधले आणि व्हर्जिनिया 63-62 अशी जिंकली. त्यांतले दोन चुकले असते, तर चषक नसता; पण हंटरचा बचाव, सॉल्टचे स्क्रीन आणि क्लार्कचा चेंडूवरचा दबाव होता तेवढ्याच दर्जाचा राहिला असता. निकाल जिद्दीने मिळवावा, साजराही करावा. खेळाडूचा दर्जा त्यावरून ठरवू नये. पस्तीस विजय आणि तीन पराभवांच्या त्या हंगामात संघाने रोज काय केले, त्यावरून तो ठरवावा.

या चर्चेत एक गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. महाविद्यालयीन खेळाडू अठरा ते बावीस वर्षांचा असतो. मनावरचा ताण आणि चिंता यांविषयी गाय स्वतः जाहीरपणे बोलला आहे. चाहत्याचा निवाडा कानावर पडणारच, तो थांबवणे आपल्या हाती नाही. मात्र त्या मुलाला आपल्या खेळाचा दुसरा, अधिक खरा हिशेब प्रशिक्षकाकडून मिळाला पाहिजे. तो मिळाला नाही, तर गॅलरीतला आवाजच त्याला खरा वाटू लागतो. मग तो शॉट घ्यायला कचरतो, किंवा टाळ्यांसाठी नको तो शॉट घेतो. दोन्ही प्रकार आपल्या मैदानांवर नेहमी दिसतात.

महाराष्ट्रातली अडचण वेगळी आहे. अमेरिकेतला महाविद्यालयीन संघ हंगामात तीसच्या वर सामने खेळतो. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीने झाली, तर अनेक संघांचा हंगाम एकदोन सामन्यांतच आटोपतो. त्यानंतर विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. इतक्या थोड्या खेळावरून मत बनवायचे, म्हणजे उंची, उडी आणि त्या दिवशी लागलेले शॉट एवढेच डोळ्यांत भरते. पाच फूट नऊ इंचांचा क्लार्क आपल्या किती चाचण्यांत पहिल्या तासानंतर टिकला असता? म्हणूनच सामने कमी असतील, तर पाहणे अधिक नेमके हवे.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. बेंचवरच्या राखीव खेळाडूच्या हाती दुसरा कागद द्या. कोणत्या स्क्रीनमुळे मोकळा शॉट मिळाला, असिस्टच्या आधीचा पास कोणाचा, बॉक्स आउट कोणी केले, चेंडूला हात लावून प्रतिस्पर्ध्याची चाल कोणी मोडली, शूटरवर वेळेत कोण पोहोचला, एवढे पाच रकाने पुरेत. नोंद करणारा मुलगा स्वतःही खेळ वाचायला शिकेल. सरासरी काढताना मिनिटे आणि ताबे विचारात घ्या. चाचणीत एकट्याचे शॉट आणि धाव मोजून थांबू नका. पाच विरुद्ध पाच खेळवा, जोड्या बदला आणि कोणता खेळाडू आला की इतर चौघांचा खेळ सुधारतो ते पाहा. चूक झाल्यावर पुढच्या ताब्यात खेळाडू काय करतो, याची वेगळी नोंद ठेवा. आणि मैदानाच्या कडेला बसणाऱ्या जुन्या खेळाडूंना विचारा. नागपाड्यासारख्या बास्केटबॉलवेड्या वस्तीत असे जाणकार कठड्यावर बसलेले असतात. कोणता मुलगा पावसाळ्यातही सरावाला येतो, कोण हरल्यावर भांडतो, कोण धाकट्यांना शिकवतो, हे त्यांना ठाऊक असते.

निवड समित्यांनाही एक आग्रहाची विनंती. खेळाडूला घेतले किंवा वगळले, तर त्याचे कारण दोन ओळींत लिहा, आणि ते त्या खेळाडूला द्या. त्या ओळींत त्याच्यावर सोपवलेले काम आणि ते त्याने कसे केले, एवढेच असावे. 'दबावात खेळत नाही', 'अंगात आग नाही' अशी वाक्ये लिहिण्यापूर्वी ती कोणत्या ताब्यातल्या कोणत्या कृतीवरून सुचली, हे सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर ते वाक्य खोडावे.

टोनी बेनेट स्वतः खेळाडू असताना तीन गुणांचे शॉट अचूक मारण्यासाठी ओळखले जात. महाविद्यालयीन कारकिर्दीत त्यांचे जवळपास निम्मे लांबचे प्रयत्न यशस्वी झाले होते. प्रशिक्षक झाल्यावर मात्र त्यांनी बचाव, स्क्रीन आणि संयम यांना संघात शूटिंगइतकाच मान दिला. प्रशिक्षक ज्याची नोंद ठेवतो आणि ज्याचे कौतुक करतो, तेच मुले मन लावून करतात. या हंगामात आपल्या संघातल्या स्क्रीन लावणाऱ्या, चेंडू अडवणाऱ्या आणि चूक करूनही परत बचावाला धावणाऱ्या मुलांची नोंद आपण ठेवली, तर पुढच्या निवडीच्या वेळी त्यांच्या बाजूने बोलायला आपल्या हातात पुरावा असेल. तो गोळा करण्याचे काम पहिल्या सरावापासून सुरू करावे.