त्यांना सवय असते

मराठीत काही वाक्यं अशी आहेत की ती कानावर पडली की खुशाल समजावं, कोणाच्या तरी जिवाशी खेळ चाललाय आणि बोलणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नाही. ‘काही होत नाही रे’ हे त्यातलं एक. ‘दोन मिनिटांचं तर काम आहे’ हे दुसरं. पण ह्या सगळ्यांचा बाप म्हणजे ‘त्यांना सवय असते’. ह्या वीकांताचं खरडणं त्याच्यावर आहे, आणि विषय आहे घर केलेली मोठी बस धुणे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि त्याच सुमारास लॉकडाऊनला कंटाळलेल्या हापिसातल्या निम्म्या जनतेला अचानक चाकांवरच्या घराची स्वप्नं पडायला लागली. बहुतेकांची स्वप्नं एक्सेल शीटमध्येच राहिली. आमच्या एका मित्राने मात्र खरंच जुनी बस घेतली, सीटा काढल्या, आत दोन पलंग, ओटा, फ्रिज, आणि वर छतावर एसी, सोलार पॅनेल आणि हवेसाठी दोन झरोके बसवले. बस झकास झालीय, वादच नाही. मी तिच्यातून चार वेळा फिरून आलोय. कोकणातून परत आलं की छतावर खारट थर, लाल माती आणि कुठल्यातरी आंब्याचा पाला असा सगळा मसाला असतो. मग बस जाते हायवेवरच्या वॉशिंग सेंटरला. तिथे एक पोरगं अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मागच्या शिडीने वर चढतं, खालचा त्याच्या हातात फवाऱ्याची गन देतो, आणि पुढची वीस मिनिटं ते पोरगं साबणाच्या फेसात छतावर नाचतं. आपण खाली कटिंग पीत उभे.

मी म्हटलं, अरे त्याला खाली उतरव. उत्तर काय आलं ते शीर्षकात दिलंय.

आता मी पोट जावावर भरत असलो तरी डिग्री मेकॅनिकलची आहे, आणि चार वर्षं घोटलेलं कधीतरी वापरायला मिळावं अशी इच्छा असते. तेव्हा गणित करू. छताची उंची धरा ३.२ मीटर, म्हणजे साडेदहा फूट. तिथून सुटलेला माणूस ०.८ सेकंदात जमिनीवर येतो आणि येताना त्याचा वेग असतो ताशी साधारण २८ किलोमीटर. बाइकवरून ह्या वेगाने सरळ भिंतीवर जाऊन आपटा म्हटलं तर तुम्ही हेल्मेट घालूनही जाणार नाही. इथे हेल्मेट नाही, बूट नाहीत, आणि खाली काँक्रीट आहे. ०.८ सेकंदात माणूस काय करू शकतो? फारतर ‘आई गं’ म्हणू शकतो. सवय असलेल्या माणसाला गुरुत्वाकर्षण सवलत देत नाही.

पुढे. हातातली गन. १०० बारचा पंप आणि मिनिटाला १० लिटर पाणी धरलं तर पाणी नोझलमधून सेकंदाला जवळजवळ १४० मीटर वेगाने सुटतं आणि गन तुम्हाला सतत सुमारे अडीच किलोच्या जोराने मागे ढकलत असते. अडीच किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? जमिनीवर खरंच काही नाही. माणूस नकळत थोडा पुढे रेलून उभा राहतो आणि काम चालू ठेवतो. पण फेसाळलेल्या पत्र्यावर हे रेलणंच घात करतं, कारण ट्रिगर सोडला की धक्का एकदम जातो आणि तोल पुढे. दाबला की उलट. म्हणजे दर काही सेकंदांनी कोणीतरी तुम्हाला हलकेच ढोसतंय आणि तुम्ही साबणावर उभे आहात. आणि बसचं छत म्हणजे गच्ची नव्हे. कडेला ते गोल उतरतं. नेमकी तीच कडा धुवायला माणूस कडेशी जातो.

साध्या बसला निदान वर अडखळायला फारसं काही नसतं. घर केलेल्या बसवर तर अडथळ्यांची शर्यत आहे. पॅनेलच्या चौकटी, वायरींचे पाइप, एसीचं खोकं. झरोक्यांची झाकणं प्लॅस्टिकची असतात, आणि ऊन खाऊन दोनेक वर्षांत ती अशी ठिसूळ होतात की त्यावर पाय पडला तर माणूस बाहेर न पडता थेट आतल्या ओट्यावर पडेल.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिल्यावर एक अतिहुशार मित्र म्हणाला, मग हार्नेस लावू ना त्याला. पॉइंट सॉलिड वाटतो. पण हार्नेस बांधणार कशाला? पायाशी, छतावरच्याच एखाद्या कडीला. नेहमीची दोरी पावणेदोन-दोन मीटरची, धक्का शोषायला ती उसवत जाते ते आणखी मीटरभर, शिवाय लटकणाऱ्या माणसाची स्वतःची उंची. पडणारा माणूस थांबायला खाली पाच-साडेपाच मीटर मोकळी जागा लागते. आपल्याकडे आहेत ३.२. म्हणजे दोरी ताणली जायच्या आधीच माणूस जमिनीवर. डोक्यावर पक्का तुळई-ट्रॅक असेल आणि दोरी आपोआप गुंडाळून आखडणारी असेल तर गोष्ट वेगळी, पण हायवेवरच्या शेडमध्ये ते कुठून येणार?

ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम आहेत. त्यांचा क्रम मला फार आवडतो, कारण तो आळशी माणसाला पटेल असा आहे. पहिलं, वर जाणं टाळता येतंय का ते बघा. नाही टाळता आलं तर पडणारच नाही अशी व्यवस्था करा. आणि तेही नाही जमलं, तरच पडल्यावर कमी लागेल ह्याचा विचार. हार्नेस ह्या यादीत बराच खाली येतो. आपल्याकडे मात्र सुरुवातच तिथून, तीही फक्त वादापुरती. बरं, आपल्याकडे कायदा नव्हता असंही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३२ मध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं, की पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर काम करायचं असेल तर शक्य तिथवर कठडा किंवा दुसरी सोय करा. पण तो लागू व्हायचा विजेवर चालणाऱ्या आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. वॉशिंग सेंटरवर असतात चार पोरं. म्हणजे त्या पोरांना कोणी वालीच नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीमागच्या मैदानात खाजगी बसेस रात्री उभ्या राहायच्या. आयटी कंपन्यांना लावलेल्या. सोमवारी सकाळी बस चकचकीत दिसते ना, ती रविवारी संध्याकाळी कोणीतरी धुतलेली असते. तिथला एकोणीस वर्षांचा क्लीनर छतावरून पडला. डोकं वाचलं, पायांवर उतरला, म्हणून सगळे म्हणाले नशीबवान. डाव्या टाचेच्या हाडाचा चुरा झाला होता. मालकाने पहिलं बिल भरलं, आणि ते त्याने खूप लोकांना सांगितलं. पोरगा काठी टेकत गावी गेला. क्लीनरचं काम म्हणजे दिवसभर चढणं-उतरणं, टाच गेली की ते काम गेलं. आठवड्याभरात नवा पोरगा आला. मालक मला म्हणाला, ह्याला सवय आहे, हा आधी ट्रकवर होता.

आधीच्याला पण सवय होती की. दोन वर्षांची होती.

तर मग बस धुवायची कशी? मित्राचं म्हणणं, लांब दांड्याचा ब्रश घेऊन खालूनच धुवू. मी कागदावर आकृती काढून बघितली. बसला खेटून उभं राहिलात तर दांडा कडेवरून तिरपा वर जातो आणि छताच्या मध्यापर्यंत ब्रश टेकतच नाही. टेकवायचा तर चार-पाच मीटर लांब उभं राहून सहा-साडेसहा मीटरचा दांडा पेलावा लागेल. पाच मिनिटांत खांदे भरून येतात. त्यापेक्षा सहा फुटी परांची करा. चाकांची, चाकांना ब्रेक असलेली, चारी बाजूंनी साडेतीन फुटी कठडा. कुठलाही फॅब्रिकेटर चौकोनी पाइपांत बनवून देतो. त्यावर उभं राहिलं की बसचं छत छातीच्या उंचीवर येतं, आणि दोन मीटरच्या दांड्याचा मऊ ब्रश आरामात मध्यापर्यंत जातो. अर्धं छत ह्या बाजूने, अर्धं त्या बाजूने. टेकवलेली साधी शिडी नको. साबणाच्या पाण्यात तिचे पाय सरकतात आणि एक हात कायम तिलाच धरून ठेवावा लागतो.

गनची तर छतावर गरजच नाही. उलट ती सिलंट उखडते, एसीच्या जाळीचे पातळ पत्रे वाकवते आणि फ्रिजच्या झरोक्यातून पाणी आत घालते. पुढच्या पावसात पलंगावर थेंब पडला की हाच मित्र सिलंटवाल्याला शिव्या देणार. बागेचा पाइप आणि साधा कार शाम्पू पुरे.

अजून दोन गोष्टी, आणि ह्या विनोदाच्या नाहीत. पाणी उडवायच्या आधी बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची केबल काढा आणि इन्व्हर्टर बंद करा. पॅनेल मात्र बंद होत नाही. उजेड आहे तोवर त्याच्या वायरीत दाब असतोच, दोन पॅनेल ओळीने जोडली असतील तर ८० व्होल्टच्या आसपास. तेव्हा सोललेली वायर दिसली तर त्या भागात धुणं बंद. आणि दांडा उचलण्याआधी मान वर करून बघा. हायवेलगतच्या शेडवरून ११ हजार व्होल्टची लाइन जाणं ह्यात काही नवल नाही. खाली अ‍ॅल्युमिनियमचा ओला दांडा घेऊन उभा असलेला माणूस छतावरच्या पोराइतकाच धोक्यात आहे. लाइन दिसली तर बस दुसरीकडे न्या.

खर्चाचा मुद्दा येणार हे माहीत होतं. बसच्या आतल्या लाकडी पॅनेलिंगवर आणि निळ्या एलईडीच्या पट्ट्यांवर ह्या माणसाने जे उधळलंय त्यात अशा दोन-तीन परांच्या झाल्या असत्या. एलईडीची पोस्ट त्याने टाकली होती, साडेचारशे लाइक पडले. कठड्याला लाइक पडत नाहीत हे मान्य.

आणि तुम्ही, जे आत्तापर्यंत ‘आमची कुठे बस आहे’ म्हणत वाचताय, उद्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढताना ड्रायव्हरकाकांना एवढंच विचारा, की काका, वरचं छत कोण धुतं आणि कसं? मी विचारलं. काका म्हणाले, आमचा बारका आहे ना, माकडासारखा चढतो. मग ट्रान्सपोर्ट डेस्कला मेल टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं, की बसची स्वच्छता व्हेंडरच्या अखत्यारीत येते आणि बसच्या स्वच्छतेबद्दल माझी काही तक्रार असल्यास फॉर्म भरावा. मी फॉर्म भरलाय. त्यात ‘बस अस्वच्छ आहे’ ह्याशिवाय दुसरा पर्यायच नव्हता, म्हणून ‘इतर’वर टिचकी मारून खाली छताची उंची लिहिली.

मित्राचं म्हणाल तर त्याने फॅब्रिकेटरचा नंबर मागितलाय. परांची ठेवायची कुठे ह्यावर सध्या ग्रुपवर वाद चालू आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरी ठेवू देणार नाही म्हणतोय. मी वॉशिंग सेंटरवाल्याला विचारलं, तुमच्याकडेच ठेवली तर? तो म्हणाला, ठेवा की सर, पण मग बाकीच्या बसवाल्यांनी पण मागितली तर देऊ का?