परदेशप्रवास, भग्नरुग्ण बालक आणि आपली पुडी

नोव्हेंबर २०२३ मध्ये आठ वर्षांचा एक मुलगा आमच्या चिकित्सालयात आला. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होते. दिवाळीचा किल्ला करण्यासाठी माती आणताना तो कुंपणाच्या भिंतीवरून घसरला होता. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहून हाड वाकून एका बाजूस तडकल्याचे निदान केले होते आणि उपचारही योग्य केले होते. मातेची चिंता निराळीच होती. आठ दिवसांनी मायलेकांना लंडनला जावयाचे होते. मुलाचे वडील तेथे नोकरीस आहेत, तिकिटे आधीच काढलेली होती. “डॉक्टर, हाड लवकर जुळून येईल असं काहीतरी द्या,” एवढीच तिची मागणी.

आम्ही दिले. प्रवाळ व गोदंती यांची भस्मे एकत्र करून सकाळची पुडी, त्यातच लाक्षाचूर्ण अधिक घालून सायंकाळची. तीस दिवसांच्या साठ पुड्या. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात त्या नीट रचून दिल्या. सकाळच्या पुडीवर निळ्या शाईने ‘स’ आणि सायंकाळच्या पुडीवर ‘सं’ असे लिहिले. याहून अधिक काही लिहावे असे आम्हांस तेव्हा वाटले नाही. प्रस्तुत लेख त्या साठ पुड्यांविषयी आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात काण्डभग्नाचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘वक्र’ हा प्रकार, म्हणजे हाड वाकले आहे पण सुटलेले नाही, बालकांत आपण नेहमी पाहतो. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात संधान स्थिर होण्याचा कालही दिला आहे. दोष अल्प, ऋतू थंड आणि वय पहिले असेल तर एक महिना. मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उत्तर वयात तिप्पट. आमचा रुग्ण आठ वर्षांचा, हाड वाकलेले, आणि तो निघाला होता लंडनच्या हिवाळ्यात. आचार्यांची तिन्ही अनुकूलता त्याच्या ठायी एकवटली होती. असे असता आम्ही दोन भस्मे कशासाठी दिली? मातेचे समाधान व्हावे म्हणून आणि रिकाम्या हाताने पाठवणे बरे दिसत नाही म्हणून, हेच प्रामाणिक उत्तर आहे. क्षीर, घृत, मूग-वाटाण्याचे यूष, जुन्या तांदळाचा भात आणि लवण, अम्ल, कटू व रूक्ष आहाराचा त्याग एवढे सांगितले असते तरी ते संहितेला धरूनच झाले असते.

त्याच अध्यायातील दुसरी गोष्ट बंधाची. बंध शिथिल झाल्यास संधान स्थिर होत नाही, अति घट्ट झाल्यास शोथ, वेदना व त्वचेचा पाक होतो. म्हणून थंड ऋतूत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा असे विधान आहे. विमानप्रवासाच्या संदर्भात हे वाचले की त्यातील दृष्टी किती सूक्ष्म आहे हे ध्यानात येते. उड्डाणाच्या काळात विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपले कळसूबाई शिखर सुमारे ५४०० फूट आहे. म्हणजे मुंबईहून लंडनला जाणारे मूल नऊ-दहा तास कळसूबाईहून उंच जागी, अतिशय रूक्ष हवेत, हात खाली लोंबता ठेवून बसलेले असते. प्लास्टर नवे असेल तर आत सूज वाढते, तिला पसरण्यास जागा नसते. म्हणूनच विमान कंपन्या सामान्यतः लांबच्या प्रवासासाठी प्लास्टर घातल्यानंतर अठ्ठेचाळीस तास जाऊ द्यावेत, अन्यथा ते लांबीच्या दिशेने चिरून सैल करून घ्यावे असे सांगतात. ते चिरण्याचे काम अस्थिरोगतज्ज्ञांचेच. पण बोटांचा रंग, स्पर्श आणि हालचाल तपासून, “बोटे निळी पडली वा बधिर झाली तर लगेच सांगायचे,” हे मातेस बजावणे आपणांसही करता येते. ते मात्र आम्ही केले होते. आमच्या रुग्णाचा प्रवास निर्विघ्न पार पडला.

अडचण उतरल्यावर सुरू झाली. आजीने दिलेली साजूक तुपाची बाटली विमानतळावर काढून घेण्यात आली. भारतातून दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातूनही ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, हे घरात कोणासच ठाऊक नव्हते. आम्हांसही नव्हते, ‘तूप भरपूर द्या’ असे आम्हीच सांगितले होते. पुड्यांच्या डब्याकडे कोणी पाहिले नाही.

पाचव्या दिवशी प्लास्टर सैल झाले. आतील सूज उतरल्यावर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास असे होतेच. तेथील एका रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात मुलाला नेण्यात आले. डॉक्टरांनी विचारले, घरी काही औषधे चालू आहेत काय? मातेने सरळपणे डबा पुढे केला.

रात्री साडेअकराला आमचा दूरध्वनी वाजला, तेथे सायंकाळचे सहा झाले होते. “डॉक्टर, हे विचारताहेत यात काय आहे. मी काय सांगू?” आम्ही प्रवाळ सांगितले, गोदंती सांगितली, लाक्षा सांगितली. तिला इंग्रजी शब्द हवे होते. अर्ध्या झोपेत आम्ही कॅल्शियम म्हणालो. पुढचा प्रश्न आला, यात शिसे आहे काय? नाही, असे आम्ही ठामपणे उत्तरलो. चाचणी केली आहे काय? यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. औषधे ज्या बाटल्यांतून काढली त्या दोन वेगवेगळ्या निर्मात्यांच्या होत्या, एकत्र खलल्यावर कोणत्या पुडीत कोणत्या घाण्याचे भस्म गेले हे आम्हांसही सांगता आले नसते, आणि त्या घाण्यांचे चाचणी-अहवाल आम्ही कधी मागवलेच नव्हते. मुलाचे रक्त शिशाच्या तपासणीसाठी घेण्यात आले. त्याला बाजूला घेऊन, तू कसा पडलास, असेही विचारण्यात आले. मूळ क्ष-किरण चित्राचे केवळ एक छायाचित्र मातेच्या भ्रमणध्वनीत होते, अस्थिरोगतज्ज्ञांचा कागद घरीच राहिला होता. त्या विचारण्याबद्दल आमची तक्रार नाही. कागदाविना आलेल्या भग्न-बालकाविषयी तेथील डॉक्टरांनी शंका घ्यावी हे त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु परक्या देशात, नवरा कामावर असताना, आपल्या मुलाला पडद्याआड नेलेले पाहणाऱ्या त्या मातेची अवस्था काय झाली असेल? अहवाल येण्यास पाच दिवस लागले. शिशाचे प्रमाण मर्यादेत होते. डबा मात्र तिने त्याच रात्री बंद करून ठेवला होता.

आपल्या व्यवसायबंधूंत हा विषय निघाला की पाश्चात्त्यांच्या पूर्वग्रहाची चर्चा सुरू होते. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. तेव्हा आपण सर्वांनी संताप व्यक्त केला. शोधन-मारणाचे ज्ञान नसलेल्यांनी रसशास्त्रावर बोलू नये, असा आपला युक्तिवाद होता, आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या पुडीवर ‘स’ एवढेच अक्षर आहे ती रसकल्प आहे, निर्धातुक वनस्पतिकल्प आहे, की निव्वळ गोदंती, हे समोरच्याने ओळखावे कसे? केंद्र शासनाने निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांना जड धातूंची चाचणी १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक केली. मुलाच्या सामानातून जाणारी पुडी मात्र निर्यातीत मोडत नाही, म्हणून ती कोणत्याच चाचणीतून जात नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने वैद्यास स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनविण्यास परवान्यातून सूट दिली आहे. ती सूट आपल्या परंपरेचा मान आहे असे आम्ही मानतो आणि ती टिकावी यासाठी भांडूही. परंतु या सुटीच्या आडोशाने आपण रुग्णाला त्याच्याच औषधाचे नाव कळू देत नाही, हे नाकारता येणार नाही. काहींच्या बाबतीत तो आळस असतो. काहींच्या बाबतीत, स्पष्टच लिहितो, ‘नाव कळले तर दुकानातून घेईल’ ही भीती असते.

यात एक विनोदही दडलेला आहे. गोदंती म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम तापवूनच प्लास्टर ऑफ पॅरिस बनते. त्या रात्री ज्या खनिजाने मुलाचा हात बांधलेला होता तेच खनिज पुडीतही होते. पुडीवर नाव असते तर तेथील डॉक्टरही हसले असते.

त्या घटनेनंतर आमच्या चिकित्सालयात परदेशी जाणाऱ्या रुग्णासाठी, विशेषतः बालकासाठी, एक पान लिहिले जाते. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरांत, नोंदणी क्रमांक व शिक्क्यासह. इजा कधी व कशी झाली, प्लास्टर कोणत्या तारखेचे, केव्हा काढायचे, आणि औषधाचे संस्कृत नाव, त्याखाली घटकाचे प्रचलित शास्त्रीय नाव, मात्रा, निर्माता व घाणा क्रमांक. औषध मूळ सीलबंद बाटलीतच द्यायचे, पुडी नाही. बालकास प्रवासात रसकल्प शक्यतो नाहीच. भांगयुक्त जातिफलादि चूर्णासारखे कल्प कोणाच्याच सामानात जाऊ देऊ नयेत; आखाती देशांत वा सिंगापुरात त्याचे काय परिणाम होतील हे सांगावयास नको, तेथे साधी खसखससुद्धा नेता येत नाही. कुष्ठ, जटामांसी, कुटकी ही द्रव्ये वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, म्हणून तेलांचे घटकही एकदा डोळ्यांखालून घालावेत. प्रवासविम्यात आधीची इजा सहसा धरलेली नसते, आणि इंग्लंडमध्ये आकस्मिक विभागातील उपचार पाहुण्यांस विनामूल्य असले तरी पुढील बाह्यरुग्ण तपासणीचे शुल्क पडते, हेही पालकांस आधीच सांगितलेले बरे. या एका पानास पंधरा मिनिटे लागतात. बाहेर रुग्ण खोळंबतात व कुरकुरतात, हे खरे.

त्या मुलाचे प्लास्टर डिसेंबरात निघाले. हाड उत्तम जुळले होते, पुड्या सुमारे दहा दिवसांच्याच पोटात गेल्या होत्या. गेल्या मे महिन्यात तीच आजी पुन्हा आली. आता नात निघाली होती, पायाच्या घोट्याला मुरड होती. आम्ही एक पान लिहिले, मुरडीवर लेप व विश्रांती सांगितली, पोटात घेण्यास काहीच दिले नाही. आजीने पान उलटसुलट करून पाहिले.

“वैद्यबुवा, औषध नाही?”

“लागत नाही, आजी.”

“आणि तुपाचं काय करायचं?”

तूप तेथील आपल्या लोकांच्या दुकानांत मिळते, असे आम्ही सांगितले. ते त्यांस फारसे पटल्याचे दिसले नाही.