गप्प झालेला फोन हीच धोक्याची घंटा

चुडावा हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचे छोटे स्टेशन. इथे माझा मावसभाऊ प्लॉट आणि शेतजमिनीच्या व्यवहारात एजंट म्हणून काम करतो. मागच्या पावसाळ्यात गिऱ्हाइकाला जमीन दाखवून तो एकटाच परतत होता. काळ्या मातीच्या चिखलात मोटारसायकल घसरली, पाय गाडीखाली मोडला आणि फोन साचलेल्या पाण्यात पडला. घरच्यांना वाटले, तो रजिस्ट्रीसाठी पूर्णा येथे गेला आहे. तीन तासांनी जनावरे घेऊन परतणाऱ्या एका शेतकऱ्याने त्याची हाक ऐकली, तेव्हा कुठे १०८ ची रुग्णवाहिका आली.

त्याला भेटायला आलेल्या, त्याच्याचसोबत काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "भाईजान, तुमचं गिऱ्हाईक तरी भला माणूस होता. माझ्यासोबतचा तसा नसता, तर?" या प्रश्नाने मला हा लेख लिहायला लावले.

हा प्रश्न नवा नाही. २८ जुलै १९८६ रोजी लंडनमध्ये सुझी लॅम्पलू ही २५ वर्षांची इस्टेट एजंट घर दाखवायला गेली ती परतलीच नाही. तिच्या डायरीत वेळ, गिऱ्हाइकाचे नाव आणि घराचा पत्ता लिहिलेला होता. तिचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी तिच्या नावाने संस्था सुरू केली. एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ती आजही काम करते.

डायरीत नोंद होती, पण नुसती नोंद कुणाला वाचवत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक साधा नियम पाळतो. दूरचा सर्व्हर ठराविक वेळेने "मी चालू आहे" असा संकेत पाठवतो. संकेत आला नाही की घंटा वाजते. बिघडलेला सर्व्हर स्वतः तक्रार करील, अशी आम्ही वाट पाहत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. "काही झालं तर फोन कर" असे सांगतो. ज्याला काही झाले आहे, त्याच्या हातात फोन असेलच असे नाही.

म्हणून पहिला नियम असा: निघण्यापूर्वी घरातल्या किंवा धंद्यातल्या एका ठरलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचे नाव, गाडीचा क्रमांक, जागा आणि परतीची वेळ कळवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन सुरू ठेवावे. वेळ टळली की त्या माणसाने दोनदा फोन करावा. उत्तर नाही, तर १५ मिनिटांत जागेकडे माणूस पाठवावा आणि ११२ ला कळवावे.

दुसरे, जागेची खूण रस्त्यावरून सांगावी. गट क्रमांक तलाठ्याला कळतो, रुग्णवाहिकेच्या चालकाला नाही. कोणत्या रस्त्याने, कोणत्या पुलापासून किंवा शाळेपासून किती आत, हे आधीच लिहून ठेवावे. गवतात लपलेल्या बिनकठड्याच्या विहिरी कुठे आहेत, तेही पाहून ठेवावे. मराठवाड्यात विजा पडून दरवर्षी माणसे जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप जवळ पडणाऱ्या विजेची सूचना देते. ती आली की प्लॉट दुसऱ्या दिवशी दाखवावा.

तिसरे, पहिली भेट दिवसा आणि चार माणसांत व्हावी. तिथे ओळखपत्र पाहावे. इसाराची मोठी रोकड घेऊन शिवारात फिरू नये.

इथे एक सावधगिरी हवी. ओळखपत्र मागायचे तर प्रत्येकाचे मागावे. आडनाव ऐकून किंवा टोपी पाहून एकाची चौकशी करणे आणि दुसऱ्याला चहा पाजणे म्हणजे सुरक्षा नव्हे, तो भेदभाव आहे. शिवाय धोका ओळखीच्या माणसाकडूनही येतो. सर्वांना सारखा नियम असला की कुणाचा अपमान होत नाही आणि "गिऱ्हाईक नाराज होईल" ही भीतीही राहत नाही.

ताईंच्या प्रश्नाला कायद्यातही आधार आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार कामानिमित्त भेट दिलेली जागाही कामाचे ठिकाण ठरते. म्हणजे उसाच्या कडेचा रिकामा प्लॉटसुद्धा. १० पेक्षा कमी कर्मचारी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. या समितीचा पत्ता गावागावांत पोहोचवणे हे प्रशासनाचे काम आहे आणि ते मागून घेणे आपले.

महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. त्या प्रशिक्षणात एकट्याने काम करतानाच्या सुरक्षेसाठी एक तास असावा, अशी मागणी करायला हवी. पण केवळ शेतजमिनीचे व्यवहार करणारे खेड्यातले अनेक एजंट या नोंदणीच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी पोलीस ठाणे, ग्रामपंचायत आणि आपल्यासारख्या नागरी कार्यकर्त्यांनी वर्षातून एक बैठक घ्यावी. त्याला खर्च नाही.

मावसभाऊ आता काठी टेकत पुन्हा कामाला लागला आहे. निघताना तो ताईंना वेळ कळवतो, ताई त्याला. तुमच्या घरातही असे कुणी काम करत असेल, तर आज रात्री एवढेच ठरवा: वेळ टळली, तर पहिला फोन कोण करणार?