सिद्दी आमच्या गळ्यात का?

आमगावहून समुद्र शेकडो मैल दूर. इथले पाणी तळ्यांचे आणि धानाच्या बांधीतले. तरी शाळेत जंजिऱ्याचा धडा निघाला की आमच्या पोरांकडे वर्ग वळून पाहतो. सिद्दी मुसलमान, म्हणजे तुमचा! एवढ्या एका वाक्यात आमच्या हजार वर्षांचा निकाल लागतो.

हा हिशेब आम्हाला मान्य नाही. मूळचे हबशी असलेले सिद्दी आधी विजापूरच्या चाकरीत होते, १६७०च्या सुमारास मोगलांकडे गेले. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या दारातच हा किल्ला उठतो आहे हे पाहून इंग्रज धावले, पाठोपाठ सिद्दी कासमही आला. समोर मराठ्यांच्या आरमारात मायनाक भंडारी आणि दौलतखान. ऑक्टोबरात इंग्रजांचे 'डव्ह' नावाचे जहाज मराठ्यांनी पकडले. सिद्दीला मदत कसली करायची होती? बेट त्याला स्वतःलाच हवे होते. ते मिळेना, तेव्हा जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारची उंदेरी बळकावली. पुढे हाच सिद्दी, आता याकूतखान म्हणवणारा, १६८९ साली मुंबईत उतरला आणि कालच्या दोस्तांना त्याने किल्ल्यात कोंडले. कारण कंपनीने औरंगजेबाशी वैर घेतले होते. यात दीन कुठे आणि धर्म कुठे, कुणी दाखवून द्यावे!

आमच्यातही काही जण 'अजिंक्य जंजिरा आपला' म्हणून छाती फुगवतात. त्यांना आम्ही विचारतो, सिद्दीच्या धाडींत किनाऱ्यावरची माणसे धरून नेली जात, तीही आपलीच का? दुसरे आमचे वक्ते. शिवजयंतीला ते दौलतखानाचे नाव दाखल्यासारखे पुढे करतात, जणू निष्ठेचा पुरावा मागितला आहे आणि तो सादर करायचा आहे. दौलतखान दर्यावर्दी होता, आरमाराचा सरदार होता. त्याला आमच्या वतीने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नका.

आमची नोंद हवी असेल तर चौलला जा. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल् मसूदी तिथे आला. त्याने चौलला सैमूर म्हटले आहे. शिलाहार राजा झंझाच्या त्या बंदरात त्याला दहा हजारांच्या आसपास मुसलमान दिसले. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजाने नेमला होता. तेव्हा जंजिऱ्यावर सिद्दीचा पत्ताही नव्हता. जंजिरा हा शब्द मात्र अरबी 'जझीरा'वरून आला. अर्थ एवढाच, बेट.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. आमची मागणी साधी आहे. खांदेरीच्या इतिहासाचा फलक जिथे लागेल तिथे मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. आणि आमगावच्या वर्गात जंजिऱ्याआधी चौल शिकवावे.