गाडीचे साल पाहावे की मोटरची पिढी?

विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकच्या सौद्यात एक प्रश्न हटकून येतो. दुकानात एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एक यंदाची, दुसरी गेल्या सालची किंवा त्याही आधीची. रूप सारखे, किमतीत मात्र चांगली दरी. गिऱ्हाईक विचारते, कोणती घेऊ? लंडन-बर्मिंगहॅमला स्थायिक झालेल्या किंवा आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कोकणी बांधवांपुढे हा प्रश्न आधी आला. आता तो पुण्या-नाशिकच्या सायकल दुकानांतही येऊन ठेपला आहे. आमचे मत आरंभीच सांगतो. साल पाहून सौदा करू नये; मोटर आणि बॅटरी यांची पिढी पाहून करावा. पिढी तीच असेल तर जुने साल बेलाशक घ्यावे. पिढी बदलली असेल तर जुनी गाडी स्वस्तातही महाग पडण्याचा संभव असतो.

मॉडेलचे साल म्हणजे कॅलेंडरचे साल नव्हे, हे कापडाच्या धंद्यातील वाचकांना समजावून सांगायला नको. ईदचा माल रमजानच्या कितीतरी आधी दुकानात येतो. सायकलवाल्यांचेही तसेच आहे. पुढच्या सालची गाडी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जाहीर होते. युरोबाइक हा युरोपातील सायकल धंद्याचा मोठा मेळा. तो पूर्वी जर्मनीतील फ्रीडरिशहाफेन येथे भरे, २०२२ पासून फ्रँकफुर्टला भरू लागला. अशा मेळ्यांत माल दिसतो, शरद ऋतूत तो दुकानात येतो. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरात विकलेली गाडी '२०२५ ची' असू शकते आणि त्याच दिवशी त्याच दुकानातून विकलेली दुसरी '२०२३ ची'. कित्येकदा दोहोंत फरक म्हणावा तर रंगाचा आणि स्टिकरचा. ट्रेक ही अमेरिकन कंपनी तर गाडीच्या नावातच पिढीचा आकडा घालते. आम्हांला ही रीत अधिक सरळ वाटते.

मग जुन्या सालच्या मालावर एवढी सूट का? माल खोटा आहे म्हणून, असे समजण्याचे कारण नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत पाश्चात्त्य देशांत सायकलींची मागणी एकाएकी वाढली. दुकानदारांनी आणि कंपन्यांनी भरमसाट मागण्या नोंदवल्या. माल येऊन पोचेपर्यंत मागणी ओसरली होती. २०२२ पासून गोदामे तुंबली आणि पुढची दोन वर्षे सुटीचा मोसम संपेचना. ब्रिटनमधील विगल चेन रिॲक्शन हे मोठे दुकान २०२३ च्या ऑक्टोबरात प्रशासकांच्या हाती गेले. कॅनडाची रॉकी माउंटन ही नावाजलेली कंपनी २०२४ च्या डिसेंबरात धनकोंपासून संरक्षण मागण्यासाठी न्यायालयात गेली. गोदामाचे भाडे आणि अडकलेले भांडवल काय असते ते आपले व्यापारी जाणतात. त्या ओझ्याखाली दिलेली सूट ही खरी सूट असते. तिचा फायदा घेण्यात कमीपणा कसला?

पण साल आणि पिढी यांतला भेद नेमका कसा ओळखावा? उदाहरण म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीची मोटर घेऊ, कारण युरोपातील पुष्कळ माउंटन बाइकांत तीच असते. ही मोटर चाकात नसून पायडलच्या आसाशी बसवलेली असते आणि चढावर पायाला जोर देते. तिच्या 'परफॉर्मन्स लाइन सीएक्स' या प्रकाराची चौथी पिढी २०१९ मध्ये जाहीर झाली व २०२० सालच्या गाड्यांत आली. आधीच्या मोटरपेक्षा ती सुमारे एक किलोने हलकी होती. जुनी मोटर नजरेनेही ओळखू येते, कारण तिचे पुढचे चेनव्हील अगदी लहान असते. चौथ्या पिढीची मोटर सुरुवातीला ७५ न्यूटन मीटर जोर देई. २०२१ सालच्या गाड्यांत हा आकडा ८५ झाला. जाहिरात वाचणाऱ्याला वाटावे, नवी मोटर आली! प्रत्यक्षात लोखंड तेच होते. आतला प्रोग्राम बदलला होता. २०२० ची गाडी अधिकृत दुकानात नेली की तिथेही तो भरून मिळे. म्हणजे २०२१ चे स्टिकर पाहून ज्याने जादा पैसे मोजले, त्याने मोटरच्या बाबतीत तरी काहीच जादा घेतले नाही.

पुढे हेच पुन्हा घडले. पाचवी पिढी २०२४ च्या उन्हाळ्यात जाहीर झाली, २०२५ सालच्या गाड्यांसाठी. तिचा जोर कागदावर पूर्वीइतकाच, ८५ न्यूटन मीटर. २०२५ च्या उन्हाळ्यात कंपनीने प्रोग्राम बदलून तो १०० पर्यंत नेण्याची सोय केली, आणि आधी विकलेल्या पाचव्या पिढीच्या गाड्यांनाही ती फोनवरून मिळाली. चौथ्या पिढीला मात्र ती मिळाली नाही. २०२५ आणि २०२६ यांच्यात निवड करताना ही गोष्ट लक्षात असली तर खिशातले बरेच पैसे वाचतील. २०२४ आणि २०२५ यांच्यात निवड करताना हिशेब निराळा होतो. तेथे मोटरच बदलली आहे.

मात्र या सगळ्यांत फसवी जागा २०२२ सालची. चौथ्या पिढीची मोटर तशीच ठेवून बॉशने २०२१ च्या शरदात तिच्याभोवतीची सारी विद्युत व्यवस्था बदलली आणि तिला 'स्मार्ट सिस्टिम' असे नाव दिले. मोटर वरून जवळपास तशीच दिसते. पण जुन्या व्यवस्थेची बॅटरी नव्या गाडीला चालत नाही, नव्या व्यवस्थेची जुन्या गाडीला चालत नाही. पडद्याचेही तेच. त्या काळात दोन्ही प्रकारच्या गाड्या बाजारात एकदमच होत्या, त्यामुळे नुसते '२०२२' हे साल काहीच सांगत नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी: गाडी कंपनीच्या 'ई-बाइक फ्लो' या ॲपला जोडली जात असेल तर ती नव्या व्यवस्थेची. ७५० वॅट-तासांची बॅटरीही नव्या व्यवस्थेबरोबरच आली. ६२५ च्या आकड्यावर मात्र विसंबू नये. त्या मापाची बॅटरी आधी जुन्या व्यवस्थेसाठी होती, मागाहून नव्यासाठीही निघाली.

हा भेद एवढा महत्त्वाचा का, असे कोणी विचारील. गाडीचा सांगाडा दहा-बारा वर्षे टिकतो, बॅटरी तेवढी टिकत नाही. युरोपात अशी बॅटरी नवी घ्यायची तर आठशे ते हजार युरोच्या घरात खर्च येतो. समजा, नव्या सालची गाडी ५,००० युरोला आहे आणि बंद पडलेल्या व्यवस्थेची जुनी गाडी ३,८०० ला. बाराशे युरो वाचले खरे, पण चार-पाच वर्षांनी बॅटरी घ्यायला गेल्यावर ती मिळेल का, कोण बनवत असेल, याची हमी त्या बाराशेतून वजा करायला हवी. मोठ्या कंपनीचे भाग पुष्कळ वर्षे मिळत राहतात हे खरे. लहान कंपनीचे काय? नेदरलँड्सची व्हॅनमूफ ही कंपनी २०२३ च्या जुलैत दिवाळखोर ठरली. तिच्या गाड्या शहरी होत्या, डोंगरी नव्हत्या. पण भाग सगळे तिचे स्वतःचे, बाजारात दुसरीकडे न मिळणारे. मागाहून दुसऱ्या मालकाने ती घेतली, तरी मधल्या काळात गिऱ्हाइकांची त्रेधा उडायची ती उडालीच. ज्या गाडीची मोटर व बॅटरी फक्त तिच्याच कंपनीची असते, तिचे जुने साल घेताना दुप्पट विचार करावा, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

पिढी एकच निघाली तरी बॅटरीचे वय उरतेच. लिथियमची बॅटरी वापराने झिजते, तशी नुसती पडून राहूनही झिजते. कंपन्या सांगतात की ती तीस ते साठ टक्के भरलेली, थंड व कोरड्या जागी ठेवावी. दोन वर्षे गोदामात पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी पडलेली बॅटरी 'नवी' म्हणून विकली जाते तेव्हा ती तशी नवी नसते. आखातात पत्र्याच्या, वातानुकूलन नसलेल्या गोदामात उन्हाळे काढलेला माल असेल तर अधिकच सावध राहावे. उष्णता हा या बॅटरीचा मोठा शत्रू. म्हणून बॅटरीवर छापलेली बनावटीची तारीख वाचावी, समोर चार्ज करून पाहावी आणि अधिकृत दुकानदाराकडून यंत्रावर तपासून घ्यावी. आतापर्यंत ती किती वेळा भरली गेली हे तेथे कळू शकते. प्रदर्शनात फिरवलेली गाडी कोरी म्हणून गळ्यात पडण्याचा धोकाही त्यामुळे टळतो. हमीबद्दलही लेखी विचारून ठेवावे. युरोपीय संघात दुकानदाराची कायदेशीर हमी माल हाती पडल्यापासून किमान दोन वर्षांची असते, मॉडेलच्या सालापासून नव्हे. जुने साल घेणाऱ्याला हा मोठा आधार आहे.

मिस्त्री मंडळींसाठी आणखी एक खूण. मागच्या चाकापाशी गिअरचा डिरेलर ज्या पट्टीला लटकतो तिला हँगर म्हणतात. स्रॅम कंपनीने २०२३ मध्ये काढलेला नवा डिरेलर या पट्टीवर न बसता थेट सांगाड्यावर बसतो, आणि त्यासाठी सांगाडा 'यूडीएच' या ठरावीक मापाचा असावा लागतो. जुन्या सालच्या पुष्कळ सांगाड्यांत ते माप नाही. यामुळे गाडी आज अडत नाही, पण पुढे बदल करायची हौस असणाऱ्याने पाहून घ्यावे. सस्पेन्शन, ब्रेक, टायर यांच्या सालावरून फार डोके शिणवू नये. ते बदलता येतात. कधी तर नव्या सालात किंमत तीच ठेवून हलका ब्रेक बसवलेला असतो, तेव्हा दोन्ही सालांचे तपशील ओळीने ताडून पाहणे बरे.

आता विकणाऱ्यांविषयी. उद्या आपल्याकडील वितरक जुन्या सालचा माल मोठ्या सुटीत देऊ करतील आणि आमचे व्यापारी बंधू तो उचलतीलही. त्यात गैर काही नाही. पण गाडीचे साल, मोटरची पिढी आणि बॅटरीची तारीख या तिन्ही गोष्टी बिलावर लिहून द्याव्यात. मालातला ऐब झाकून केलेली तिजारत आपल्यात जायज मानलेली नाही, आणि जुनी बॅटरी नवी म्हणून खपवणे हा ऐब झाकणेच आहे. एकाने सांगितले आणि शेजारच्याने लपवले तर सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक जाते, अशी तक्रार आम्ही ऐकतो. पहिल्या मोसमात जात असेल. पण दुरुस्तीला गाडी कोणाकडे येते, तेही पाहावे.

आपल्याकडे मिळणाऱ्या माफक किमतीच्या गाड्यांचा प्रकार थोडा वेगळा आहे. पुण्याच्या ईमोटोराडसारख्या कंपन्यांच्या 'माउंटन' गाड्यांत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. येथे सालाला त्या मानाने कमी महत्त्व, कारण हबची मोटर, कंट्रोलर आणि वायरिंग हे सारे आपल्या मिस्त्रीच्या आवाक्यातले काम आहे. सालापेक्षा पाहायचे ते बॅटरीचे व्होल्ट, तिचा कनेक्टर आणि ती नव्याने मिळते की नाही हे. मात्र जुन्या बॅटरीत सुट्या पेशी भरून देण्याचा रस्त्यावरचा उद्योग आपल्या कारागिरांनी करू नये. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत अठरा माणसे दगावली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून तेथे सुरक्षेचे प्रमाणपत्र नसलेली विजेची सायकल आणि जुन्या पेशींतून जुळवलेली बॅटरी विकायला कायद्याने बंदी आहे. प्रमाणपत्राविना पडलेला जुन्या सालचा माल अशा ठिकाणी कितीही स्वस्त दिला तरी विकता येत नाही, हेही घाऊक घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

राहिला परदेशातून गाडी आणण्याचा प्रश्न. 'तिकडे जुने साल निम्म्या किमतीत आहे, येताना घेऊन येतो,' असे रत्नागिरी-खेडकडच्या घरोघरी फोन येत असतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच की प्रवासी विमानात १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी नेऊ देत नाहीत, आणि या गाड्यांची बॅटरी ४०० ते ८०० ची असते. बॅटरीवाचून आणलेली गाडी म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास वजनाची साधी सायकल. जहाजाने आणायची तर धोकादायक मालाचे कागद आणि जकात आली. शिवाय अमेरिकेतल्या गाडीची मोटर ताशी ३२ किलोमीटरपर्यंत जोर देते. आपल्याकडे लायसन्स व नोंदणीवाचून चालणाऱ्या सायकलीला २५ किलोमीटर आणि २५० वॅटची मर्यादा आहे. एवढे करूनही आणायचीच असेल तर गाडी बुक करण्यापूर्वी त्या मोटरची तपासणी करणारे अधिकृत दुकान मुंबईत किंवा पुण्यात आहे का, याची चौकशी इकडच्या भावाने करावी.