टक् टक्... कोण आहे?

खड्ड्यात चाक गेलं की पुढून 'टक्' असा आवाज येतो. आणि आपण काय करतो? म्युझिक सिस्टीमचा आवाज वाढवतो! बॉस, असं नका करू. तो आवाज बहुतेकदा सस्पेन्शनचा असतो आणि आपोआप कधीच बरा होत नाही.

आमच्या घरची मारुती ८०० आहे २००४ची. हे मॉडेल जानेवारी २०१४मध्ये बंद झालं, पण आमची गाडी ठणठणीत... पुढची दोन चाकं सोडून. गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "द्या भंगारात." पण गाडी आईची ना! पंचेचाळिशीत ती हिच्यावर ड्रायव्हिंग शिकली आणि आजही मंडईत हीच घेऊन जाते. मी म्हटलं, "बाबा, मला दोन रविवार द्या."

आधी निदान. चाक उचलायचं, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे दोन हातांनी धरायचं आणि हलवायचं. खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. तीन आणि नऊवर लागला तर बहुधा टायरॉड एंड. आमचा डावा बॉल जॉइंट चक्क डुगडुगत होता. तो निखळला की चाक दुमडतं, आणि स्टीअरिंगवर आई असते. त्या क्षणी हा माझा विकेंडचा छंद राहिला नाही.

नाना पेठेतून सामान आणलं. शॉकअप, लोअर आर्म, बुश, टायरॉड एंड, सगळं दोन्ही बाजूंचं. एकाच बाजूचा शॉकअप बदलून पैसे वाचवायचा फंडा डोक्यातून काढून टाका. दोन बाजू वेगवेगळ्या वागल्या तर ब्रेक मारताना गाडी भलतीच वागते.

शनिवारी रात्रीच बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. सोसायटीतले काका कितीही म्हणोत, "अरे, दोन मिनिटांचं तर काम!" (काकांनी आयुष्यात स्टेपनी बदललेली नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. शॉकअपभोवती जी स्प्रिंग असते ना, ती दाबून बसवलेली असते. शॉकअपच्या डोक्यावर मधोमध जो मोठा नट दिसतो, तो खोलला की ती सुटते. तोंडावर बसली तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे तो नट घरी खोलायचाच नाही. मी बाजूचे नट काढून अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर काढला, दोन्ही नग रिक्षात घातले आणि गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर लावून स्प्रिंगा नव्या शॉकअपवर चढवून घेतल्या. यात कसला आलाय कमीपणा? बाकी सगळं घरीच केलं.

एक गोष्ट मात्र घाईत हमखास राहते. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त बसवायचे. फायनल घट्ट करायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. हवेतच आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. नवा बुश काही महिन्यांत गेला की आपण दुकानदाराच्या नावाने खडे फोडतो!

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी काम संपलं. सोमवारी सकाळी हळूहळू चालवत थेट व्हील अलाइनमेंटला नेली. इतकं सगळं उघडल्यावर ते टाळलं तर नवे टायर एका कडेने झिजतात.

बुधवारी आई मंडईतून आली. "आता आवाज येत नाही रे," म्हणाली, "पण हॉर्न जरा बारीक वाजतो. बघशील?" बाबा पेपरात डोकं घालून बसले होते. भंगाराचं नाव काढलं नाही.