जोडीदाराच्या मापाची नळी

मालवण-तारकर्लीला हौसेने एकदा पाण्याखाली जाऊन येणाऱ्याला हवेच्या नळ्यांचा विचार करावा लागत नाही. प्रशिक्षक त्याला धरूनच फिरवतो. पण रीतसर शिकून स्वतःचे सामान घेणारा स्कूबावालाही नेमका याच बाबतीत बेफिकीर असतो. तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर तो भरपूर खल करतो आणि नळ्या मात्र खोक्यातून निघतील त्या निमूट वापरतो. हे चुकीचे आहे. संकटात गाठ नळीच्या लांबीशी पडते.

खोक्यातून साधारण निघते ते असे: तोंडातल्या रेग्युलेटरची नळी ७० ते ७५ सेंटिमीटर आणि जोडीदाराची हवा संपल्यास द्यायचा पिवळा जादा रेग्युलेटर, म्हणजे ऑक्टोपस, ९० ते १०० सेंटिमीटरच्या नळीवर. दोघांनी समोरासमोर, एकमेकांचे पट्टे धरून सरळ वर यायचे असेल तर एवढी नळी पुरते. पण हवा कुठे संपावी हे आपल्या हातात नसते. बुडालेल्या जहाजाच्या पोटातून किंवा कपारीखालून आधी आडवे पोहत बाहेर पडावे लागते. तेव्हा मीटरभर नळीचा दर हिसका घाबरलेल्या माणसाच्या दातांना बसतो.

फ्लोरिडातल्या झऱ्यांच्या गुहांत उतरणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. तिथे माथ्यावर खडक असल्यामुळे सरळ वर येता येत नाही, आणि काही वाटा इतक्या चिंचोळ्या की दोघांना एकामागे एकच सरकता येते. त्या गुहांत खूप माणसे गेली. गुहांत उतरणाऱ्या शेक एक्सली याने अशा अपघातांचा अभ्यास करून १९७९ साली गुहांत उतरणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिले. गुहांतल्या याच अनुभवातून ७ फुटी, म्हणजे सुमारे २.१ मीटरची नळी रूढ झाली. ती उजव्या बाजूने कमरेपर्यंत उतरते, छातीवरून तिरपी डाव्या खांद्याकडे चढते आणि मानेमागून तोंडाशी येते. दुसरा रेग्युलेटर ५५-६० सेंटिमीटरच्या नळीवर, लवचीक दोरीने हनुवटीखाली गळ्यात अडकवलेला. हवा मागणाऱ्याला तोंडातला द्यायचा, गळ्यातला आपण घ्यायचा. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तोंडातला रेग्युलेटर चालू आहे याची आपल्याला त्या क्षणी खात्री असते, आणि जीव घाबरा झालेला माणूस बहुधा त्यालाच हात घालतो.

खुल्या समुद्रात २.१ मीटरचा अट्टहास नको. नळी अडकवायला कमरेला दिव्याची बॅटरी नसेल तर उरलेली नळी पट्ट्यात खोचत बसावे लागते. काखेखालून नेलेली दीड मीटरची नळी पुरे. दोघे शेजारी-शेजारी पोहू शकतात. हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाला ६० सेंटिमीटरची नळी लावून ते डाव्या कमरेला अडकवावे. लांब नळीवर लोंबणारे घड्याळ प्रवाळावर आपटत जाते. आखूडपणाचाही अतिरेक नको: मान वळवताच श्वासाच्या नळीला ओढ बसली तर ती जोडापाशी दुमडते आणि तिथेच तडकते. सिलिंडरचा २०० बारचा दाब वाहते म्हणून लोक घड्याळाच्या नळीला भितात. खरे तर तिच्या तोंडाशी अगदी बारीक छिद्र असते. ती फुटली तर हवा सावकाश जाते. श्वासाची कमी दाबाची नळी फुटली तर सिलिंडर कितीतरी लवकर रिकामे होते. म्हणून जोडांवरची रबरी टोपणे सरकवून आतल्या चिरा नियमित पाहाव्यात.

नुसती नळी बदलून मात्र भागत नाही. आपण तोंडातलाच रेग्युलेटर देणार आहोत हे जोडीदाराला आधी सांगितले पाहिजे, आणि शिकवणाऱ्या केंद्रांनी हा सराव उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा करून घेतला पाहिजे. बोटीवरच, पाण्यात उडी मारण्यापूर्वी, नळी पूर्ण उलगडून जोडीदाराच्या तोंडापर्यंत न्यावी. ती जॅकेटखाली किंवा एखाद्या पट्ट्यात अडकत असेल तर तिथेच कळते, आणि तिथेच सोडवता येते.